समोरच्याला काय दिसतंय? युद्धातली माहितीची आघाडी, सोप्या भाषेत

३१ डिसेंबर २०२२ ची रात्र. युक्रेनच्या दोनेत्स्क भागात माकिइव्का म्हणून शहर आहे, रशियाच्या ताब्यातलं. तिथल्या एका व्होकेशनल शाळेच्या, म्हणजे आपल्या आयटीआयसारख्या शाळेच्या बिल्डिंगमध्ये नुकतीच भरती करून आणलेली रशियन पोरं मुक्कामाला ठेवली होती, बरीचशी समारा भागातली. नवीन वर्ष लागलं आणि मिनिटाभरात युक्रेनच्या हायमार्समधून, म्हणजे ट्रकवर बसवलेल्या रॉकेट लाँचरमधून, सुटलेली रॉकेट तिथे येऊन पडली. सहा सुटली होती, त्यातली चार लागली असं रशियानेच नंतर सांगितलं. ८९ माणसं गेली हा त्यांचा अधिकृत आकडा, युक्रेनने चारशेच्या आसपास सांगितला. आणि कारण काय दिलं, तर मोबाईल. बंदी असताना पोरांनी मोठ्या संख्येने फोन चालू केले, त्यावरून शत्रूला जागा कळली.

मोबाईलवरून जागा कळते म्हणजे नक्की काय होतं? फोन खिशात नुसता चालू असला, तुम्ही कोणाशी बोलत नसलात, तरी तो अधूनमधून जवळच्या टॉवरला 'मी इथे आहे' असं कळवत असतो, नाहीतर तुम्हाला आलेला कॉल कुठे पाठवायचा हे कंपनीला कळणारच नाही. दोन-तीन टॉवरवर सिग्नल किती जोरात येतोय हे बघितलं की फोन साधारण कुठल्या भागात आहे याचा अंदाज येतो, आणि लष्कराकडे तर कुठलाही रेडिओ सिग्नल कुठल्या दिशेने येतोय ते पकडणारी वेगळी यंत्रं असतात. एकटादुकटा फोन असला तर त्यात विशेष काही नाही. पण जिथे काल काहीच नव्हतं तिथे आज एका रात्रीत शेकडो फोन जागे झाले, तर ऐकणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. मग तिथे ड्रोन पाठवून डोळ्यांनी खात्री करायची.

पण सगळं खापर त्या पोरांवर फोडलं ते मला पटत नाही. रशियन वॉर ब्लॉगर्सनीच तेव्हा लिहिलं होतं की शेकडो माणसं एका छपराखाली कोंबली, दारूगोळाही तिथेच ठेवला, आणि हे सगळं अशा ठिकाणी की जे रॉकेटच्या पल्ल्यात येतं. हायमार्सची नेहमीची रॉकेट साधारण ८० किलोमीटर जातात, आणि हे रशियन अधिकाऱ्यांना तोवर सहा महिने अनुभवाने माहीत झालेलं होतं. म्हणजे माहिती त्यांच्याकडेही होती, ती वापरली गेली नाही.

माहितीच्या जोरावर समोरच्याच्या पुढे असणं, याला लष्करी भाषेत इन्फर्मेशन अॅडव्हांटेज, म्हणजे माहितीची आघाडी म्हणतात. अमेरिकन आर्मीने २०२३ मध्ये या एका विषयावर आख्खं वेगळं डॉक्ट्रिन, म्हणजे सैन्याने कसं चालायचं त्याचं अधिकृत पुस्तक, काढलं, इतकं त्याला महत्त्व आलंय. पण या शब्दाचा अर्थ आपल्याकडे बरेच जण 'जास्त माहिती' असा घेतात, जास्त सॅटेलाइट, जास्त ड्रोन, जास्त कॅमेरे. इथेच घोटाळा होतो. मेंढीकोट खेळताना तुम्हाला समोरच्याची पानं दिसली तर तुम्ही वरचढ, पण त्याच वेळी त्यालाही तुमची दिसत असतील तर दोघंही तिथेच. आघाडी म्हणजे फरक. आपल्याला जे दिसतंय आणि त्याला जे दिसतंय त्यातला फरक, आणि तो फरक किती वेळ टिकतो. एवढं एक लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी वेळेचं बघू. समजा रस्त्याकडेला झाडाखाली शत्रूची तोफ येऊन थांबली. ती दहा मिनिटं गोळे टाकणार आणि जागा बदलणार, कारण थांबली तर तिच्यावरच गोळे येणार. जुन्या पद्धतीत कुणीतरी दुर्बिणीतून बघितलं, वायरलेसवर वर सांगितलं, वरच्याने नकाशावर ठिपका मांडला, कुठली तोफ मोकळी आहे ते विचारलं, मग हुकूम गेला. यात वीस मिनिटं गेली तर तुमचा गोळा रिकाम्या झाडावर पडतो. माहिती अगदी बरोबर होती, पण तोवर शिळी झाली.

युक्रेनने नेमका हा वेळ कापला. त्यांच्याकडे जीआयएस आर्टा नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते त्यांच्याच प्रोग्रॅमर लोकांनी बनवलं. ड्रोनवाल्याने लक्ष्याची जागा टाकली की कुठली तोफ, कुठला मॉर्टर, कुठलं रॉकेट तिथे पोचू शकतं ते समोर येतं आणि काम वाटून दिलं जातं. आपण ओला-उबर बुक केली की जवळची गाडी मिळते, तसंच, आणि तिकडे लोक त्याला तोफखान्याची उबरच म्हणायला लागले. दुसरी सिस्टीम डेल्टा. २०१४ नंतर ड्रोन उडवणाऱ्या हौशी स्वयंसेवकांच्या एरोरोझविद्का या ग्रुपच्या कामातून ती उभी राहिली आणि पुढे लष्कराने घेतली. लॅपटॉपवर, टॅबवर साध्या ब्राउझरमध्ये उघडते, त्यात एकाच नकाशावर ड्रोनने बघितलेलं, सॅटेलाइटने बघितलेलं, खबऱ्यांनी सांगितलेलं सगळं दिसतं. खंदकात बसलेला कॅप्टन आणि मागे हेडक्वार्टरमधला कर्नल, दोघांसमोर एकच चित्र. मला स्वतःला ड्रोनपेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते, कारण सैन्य कुठलंही असो, माहिती अडते ती एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जाताना.

सामान्य माणसंही यात आली. मार्च २०२२ मध्ये युक्रेन सरकारने टेलिग्रामवर एक चॅटबॉट काढला, नावाचा अर्थ ई-शत्रू. गावात रणगाडा दिसला, फोटो काढा, जागा टाका, पाठवा. पण त्यात यायचं असेल तर आधी दिया नावाच्या सरकारी अॅपमधून, म्हणजे आपल्या डिजिलॉकरसारखं जे आहे त्यातून, ओळख पटवावी लागायची. का? कारण नाहीतर रशियानेच हजार खोटे रणगाडे पाठवून बॉट भरून टाकला असता. माहिती गोळा करणं सोपं झालंय, खरी कुठली ते ठरवणंच अवघड.

आता ही सगळी साखळी नेटवर्कवर चालते, त्यामुळे समोरचा पहिला घाव तिथेच घालतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन रणगाडे हद्द ओलांडायच्या साधारण तासभर आधी व्हायासॅट कंपनीच्या सॅटेलाइट इंटरनेटवर सायबर हल्ला झाला, युक्रेनचं लष्कर ते वापरत होतं. हजारो मोडेम बंद पडले. त्याचा फटका इतका लांबवर गेला की जर्मनीत ५,८०० पवनचक्क्यांचा रिमोट कंट्रोल तुटला, ज्यांचा या युद्धाशी काडीचा संबंध नव्हता. दोन दिवसांनी युक्रेनचे डिजिटल मंत्री मिखाइलो फेदोरोव्ह यांनी इलॉन मस्कना ट्विटरवर जाहीरपणे स्टारलिंक मागितलं आणि २८ तारखेला डिशचा पहिला ट्रक पोचला पण. पुढे तोफखाना, ड्रोन, हॉस्पिटलं सगळं त्यावर चालायला लागलं. यातली मेख अशी की देशाच्या लष्कराचं कनेक्शन एका परदेशी खाजगी कंपनीच्या हातात गेलं. तेव्हा दुसरा इलाज नव्हता हे मान्य, पण कुठल्याही देशाने ही गोष्ट हलक्यात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

फरक वाढवायचे रस्ते दोन, एक आपल्याला जास्त दिसणं आणि दुसरा समोरच्याला चुकीचं दिसणं. दुसऱ्याला आपल्याकडे हूल देणं म्हणतात. २०२२ च्या उन्हाळ्यात रशियाला हायमार्स काहीही करून उडवायचे होते, तर युक्रेनने लाकडाचे हायमार्स बनवून शेतात उभे केले. वरून ड्रोनच्या कॅमेऱ्यात लाकूड आणि लोखंड यातला फरक कळत नाही, ट्रकसारखा आकार आणि मागे पेटी दिसली की झालं. ड्रोनने जागा पाठवली, काळ्या समुद्रातल्या जहाजांवरून क्रूझ मिसाइल सुटली, आणि युक्रेनी अधिकाऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे काही आठवड्यांत कॅलिबर नावाची अशी किमान दहा मिसाइल या लाकडी ट्रकांवर खर्च झाली. सुताराचं काम एका बाजूला आणि कोट्यवधींचं मिसाइल दुसऱ्या बाजूला. इथे रशियाचा ड्रोनही नीट चालला आणि मिसाइलही नेमकं लागलं, चुकली ती फक्त माहिती.

त्याच ऑगस्टमध्ये मोठी हूल चालू होती. दक्षिणेला खेरसोनवर आम्ही हल्ला करणार असं युक्रेन महिनोन्महिने उघड सांगत होतं, नेते बोलत होते, पेपरात येत होतं, पूल फोडणं चालू होतं. आणि २९ ऑगस्टला हल्ला सुरू पण केला. रशियाने आपली चांगली माणसं तिकडे नेली. मग ६ सप्टेंबरला युक्रेन ईशान्येला, खार्कीव्ह भागात बालाक्लियावर तुटून पडलं, जिथे रशियाची फळी विरळ झालेली होती, आणि १० तारखेपर्यंत कुपियान्स्क आणि इझ्यूम दोन्ही गेले. काही दिवसांत हजारो चौरस किलोमीटर मुलूख परत आला. यात लोकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे खेरसोनचा हल्ला खोटा नव्हताच, नोव्हेंबरमध्ये ते शहरही त्यांनी परत घेतलं. हूल पचते ती ती खरी असते म्हणूनच. नुसती थाप असती तर सॅटेलाइटवाल्यांनी दोन दिवसांत पकडली असती.

इथपर्यंत वाचून वाटेल की युक्रेनला आता कोण अडवणार, पण पुढच्याच वर्षी सगळं अडलं. २०२३ च्या उन्हाळ्यात झापोरिझ्झिया भागात युक्रेनने मोठी चढाई केली, पाश्चात्य रणगाडे आले होते, ट्रेनिंग झालं होतं, आणि तरीही मैलामैलाला रक्त सांडून थोडंच पुढे जाता आलं. भूसुरुंग होते, हेलिकॉप्टरं होती, पण मुळाशी हेच की तोवर रशियानेही आपले डोळे वाढवले होते. त्यांची ओर्लान ड्रोन वर घिरट्या घालतायत, चार गाड्या एकत्र जमल्या की दिसतंय, दिसलं की लान्सेट ड्रोन येऊन आदळतंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये युक्रेनचे तेव्हाचे सरसेनापती झालुझ्नी यांनी एका ब्रिटिश साप्ताहिकात हेच उघडपणे सांगितलं, की शत्रू काय करतोय ते सगळं आम्हाला दिसतं आणि आम्ही काय करतो ते सगळं त्याला. दोघांनाही सगळं दिसतंय म्हणजे फरक शून्य. मग माणसं खंदकात गाडली जातात, शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धासारखी.

अशा वेळी फरक परत काढायचा तर समोरच्याचे डोळे फोडायचे. याला जॅमिंग म्हणतात. गर्दीच्या लग्नात डीजे फुल्ल आवाजात चालू असताना शेजारच्याशी बोलून बघा, तुमचा आवाज तेवढाच आहे पण त्याला ऐकू येत नाही, जॅमर रेडिओ लहरींचं हेच करतो. ड्रोन आणि त्याचा पायलट यांच्यातलं बोलणं तोडतो, किंवा जीपीएसचा सिग्नल दाबतो, जो मुळातच इतक्या उंचावरून येताना फार क्षीण झालेला असतो. अमेरिकेने दिलेले जीपीएसवाले एक्सकॅलिबर तोफगोळे सुरुवातीला इतके अचूक होते, पण रशियन जॅमिंगपुढे ते भरकटायला लागले आणि युक्रेनने ते वापरणं जवळजवळ सोडून दिलं.

६ ऑगस्ट २०२४ ला युक्रेन थेट रशियाच्या कुर्स्क भागात घुसलं तेव्हा जग चक्रावलं, कारण 'आता युद्धात काहीच लपत नाही' असं सगळे म्हणत होते आणि हजारो माणसं, शेकडो गाड्या हद्दीवर जमल्या तरी कोणाला पत्ता नाही. त्यांनी बेत अगदी मोजक्या लोकांत ठेवला, कित्येक सैनिकांना शेवटच्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, आणि हल्ल्याच्या पट्ट्यात जॅमर लावून रशियन ड्रोन आंधळे केले. आठवड्याभरात हजार चौरस किलोमीटर घेतल्याचा दावा झाला. पण फरक कायमचा कोणाकडेच राहत नाही. रशियाने तिथे अशी ड्रोन आणली जी रेडिओवर चालतच नाहीत, मागे ऑप्टिकल फायबरची बारीक तार सोडत जातात, अगदी पतंगाच्या मांज्यासारखी, दहा-दहा किलोमीटर किंवा जास्तच. तारेतून सिग्नल, त्यामुळे जॅमर बिनकामाचा. युक्रेनमधल्या सुमीहून कुर्स्क भागातल्या सुद्झाला जाणारा रसदीचा रस्ता या ड्रोननी मारून मारून बंद पाडला आणि २०२५ च्या वसंतापर्यंत युक्रेनला तो मुलूख जवळजवळ सगळा सोडावा लागला. आघाडीवरच्या शेतांचे फोटो बघितलेत तर उन्हात सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखं चमकताना दिसतं, ती हीच तार.

माहिती फक्त तोफांसाठी असते असं नाही. २५ फेब्रुवारी २०२२ च्या संध्याकाळी, रशियन फौज कीव्हकडे येत असताना, झेलेन्स्की पळून गेले अशी आवई उठली होती. त्यांनी काय केलं, तर रस्त्यावर उभं राहून फोनवर व्हिडिओ काढला. मागे अंधारात ओळखू येणारी सरकारी इमारत, बाजूला पंतप्रधान आणि जवळचे सहकारी, आणि एकेकाचं नाव घेऊन सांगितलं हा इथे आहे, तो इथे आहे, आम्ही सगळे इथेच आहोत. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. ती आवई खरी मानली गेली असती तर त्या रात्री किती जणांनी हत्यारं खाली ठेवली असती, विचार करा.

मात्र माहिती वापरायची म्हणजे कधीकधी ती जाळायची. हे आपल्याला कारगिलमध्ये करावं लागलं. मे १९९९ मध्ये जनरल मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि रावळपिंडीत असलेल्या लेफ्टनंट जनरल अझीझ यांच्याशी फोनवर बोलले, ते बोलणं रॉने टिपलं. कारगिलच्या शिखरांवर मुजाहिदीन आहेत, आमचा संबंध नाही, असं पाकिस्तान जगाला सांगत होतं आणि इथे त्यांचा लष्करप्रमुखच सगळं बोलत होता. आता ती टेप जाहीर केली की पाकिस्तान खोटा पडणार, पण तो फोन परत कधीच ऐकायला मिळणार नाही. ११ जूनला भारताने ती जाहीर केली. यावर आजही वाद होतात, ऐकत राहायला हवं होतं असं म्हणणारे आहेत, मला मात्र तो निर्णय बरोबर वाटतो, कारण वर आपली पोरं उघड्या कड्यांवर चढत होती आणि जगाचं मत फिरवायला हातात तेवढे महिने नव्हते.

आणि मुंबईत २६/११ ला आपण याच्या उलट केलं. दहशतवाद्यांचे हँडलर पाकिस्तानात टीव्हीसमोर बसले होते आणि आपले चॅनल लाइव्ह दाखवत होते. ताजमध्ये कोणती बडी माणसं अडकलीत ते हँडलर टीव्हीवर बघून आतल्यांना फोनवर सांगत होते. आपल्या यंत्रणा ते फोन ऐकत होत्या, म्हणजे एक मोठी आघाडी हातात होती, पण २८ नोव्हेंबरच्या सकाळी कुलाब्यात नरिमन हाऊसच्या गच्चीवर एनएसजीचे कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरले ते आख्ख्या जगाने बघितलं. मीही टीव्हीसमोरच होतो, आणि ते बघताना अंगावर काटा आला होता अभिमानाने, हेच दृश्य आणखी कोण बघतंय हे डोक्यात आलंच नाही. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टाने या कव्हरेजवर फार कडक शब्दांत बोट ठेवलं, कारवाई त्यामुळे जास्त अवघड झाली आणि जवानांचे जीव धोक्यात आले असं म्हटलं. नंतर केबल टीव्हीचे नियम बदलले, अशी कारवाई चालू असताना लाइव्ह दाखवायला आता मनाई आहे, नेमलेला अधिकारी अधूनमधून सांगेल तेवढंच.

चॅनलला नियम लागला, पण आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. मे २०२५ मध्ये सीमेवर लढाई पेटली तेव्हा संरक्षण खात्याला जाहीर सांगावं लागलं की सैन्याच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका. त्याच दिवसांत कराची बंदरावर हल्ला झाल्याची खोटी बातमी तर मोठमोठ्या चॅनलवरही फिरत होती, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर ती तीन वेगवेगळ्या काकांकडून आली.

खिशातल्या कॅमेऱ्यातून काय काय कळतं ते बघा. रशियाचं सैन्य युक्रेनच्या हद्दीवर जमत होतं तेव्हा हौशी संशोधकांनी घरबसल्या त्याच्या हालचाली काढल्या. लोकांनी टाकलेले टिकटॉक बघितले, रणगाडे लादलेल्या मालगाड्यांच्या वॅगनचे नंबर टिपले, कुठून कुठे चाललेत ते काढलं. हल्ल्याच्या पहाटे सव्वातीनला अमेरिकेतल्या मिडलबरी इन्स्टिट्यूटच्या लोकांना गूगल मॅपवर रशियाच्या बेल्गोरोदहून हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅफिक जॅमची लाल रेघ दिसली, तेव्हा पुतिन यांचं भाषण व्हायचं होतं. बहुतेक ते फोन सैनिकांचे नव्हते, लष्करी गाड्यांमुळे अडकलेल्या साध्या लोकांचे होते.

समजा आपल्याकडच्या एखाद्या स्टेशनात रणगाडे लादलेली गाडी थांबली आणि कोणीतरी प्रेमाने, जय हिंद लिहून, पंधरा सेकंदांचं रील टाकलं. त्यात पिवळ्या पाटीवर स्टेशनचं नाव आहे, तिथून गाव कळलं. प्लॅटफॉर्मवरचं घड्याळ आहे किंवा खांबांच्या सावल्या आहेत, तिथून वेळ. इंजिन कुठल्या टोकाला आहे त्यावरून दिशा. वॅगन मोजल्या की रणगाडे किती ते आलं, आणि ताडपत्रीखालून बाहेर आलेल्या नळीवरून ते कुठल्या जातीचे तेही. खाली कमेंटमध्ये पुढच्या स्टेशनवरचा कोणीतरी लिहितो, आमच्याकडे चाळीस मिनिटांनी आली.